अभयाची सनद

इ. स. १८९७ च्या डिसेंबर महिन्यात राष्ट्रसभेचे तेरावे अधिवेशन अमरावतीस भरले, तेव्हा लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या आरोपावरून सक्तमजुरीची शिक्षा भोगीत होते आणि पुण्याचे सरदार नातू बंधू कोणत्याही न्यायासनासमोर उभे न राहताच बंदिवासात पडले होते. या दोन बंदिवासांत भेद आहे, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो भेद मला टिळकांच्या थोरवीहूनही अधिक महत्त्वाचा वाटतो. टिळकांवर निदान खटला चालला. आरोप वाचला गेला, ज्यूरी बसली, वकील बोलले, निकाल लागला. निकाल अन्यायाचा झाला असे म्हणावयास का होईना, एक निकाल जगापुढे होता. नातूंच्या वाट्यास एवढेही आले नाही. पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्या वधानंतर मुंबई सरकारने १८२७ सालचे पंचविसावे रेग्युलेशन दप्तरातून काढले, त्याच्या आधारे दोघा भावांस उचलले, त्यांच्या मिळकतीवर जप्ती बसविली आणि आरोप कोणता, पुरावा कोणता, मुदत किती, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देण्याची तसदी घेतली नाही. शंकरन् नायर यांच्या अध्यक्षतेखाली आणि दादासाहेब खापर्डे यांच्या स्वागताध्यक्षतेखाली जमलेल्या त्या सभेने, चौकशीवाचून माणसे डांबून ठेवणाऱ्या बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतील जुन्या रेग्युलेशनांविरुद्ध आवाज उठविला. अमरावतीकरांस त्या अधिवेशनाचा अभिमान आहे. परंतु तो बहुधा खापर्ड्यांच्या आतिथ्याचा असतो, या ठरावाचा क्वचित.

आता त्या ठरावामागे एक गृहीत आहे, ते तपासून पाहिले पाहिजे. १८२७ चे रेग्युलेशन हा सरकारच्या दृष्टीने रीतसर कायदाच होता. ज्यास कायदा करण्याचा अधिकार त्यानेच तो केला होता आणि ज्यास अंमल बसविण्याचा अधिकार त्यानेच तो बसविला होता. असे असता, हा कायदा असूनही अन्याय आहे, असे जो म्हणतो तो कोणत्या कायद्याच्या आधारे बोलतो? सरकारच्या दप्तरात त्याच्या बाजूचा कागद एकही नाही. तरीही त्याचे बोलणे आपणांस पोकळ वाटत नाही, याचा अर्थ मनुष्याजवळ असे काहीतरी आहे की जे त्यास दप्तरातून मिळालेले नाही. हा प्रश्न प्रथमदर्शनी वकिलीचा वाटला तरी मुळात तो धर्मचिंतनाचा आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना अभयापासून आरंभिली आहे आणि ज्ञानेश्वरांनीही आपल्या विवरणात त्यास तेच अग्रस्थान दिले आहे. तेथे अभय हा अंतःकरणाचा गुण आहे, कोणी कोणास दिलेला पदार्थ नव्हे. उलटपक्षी आपल्या राजव्यवहारात अभय ही राजाने द्यावयाची वस्तू होती: ओसाड गावी पुन्हा वस्ती करणाऱ्या कुळांस कौल मिळे, शरण आलेल्यास अभयपत्र मिळे, आणि तो कागद गाठीस बांधून मनुष्य निर्धास्त झोपे. एकाच शब्दाखाली नांदणाऱ्या या दोन कल्पनांत प्रत्यक्षात मोठे अंतर आहे. राजाने दिलेले अभय राजास परत घेता येते, आणि ते परत घेतल्याबद्दल त्यास कृपण म्हणता येईल, अन्यायी म्हणता येणार नाही. मनुष्याच्या ठायी मूळचेच असलेले अभय राजास परत घेता येत नाही, केवळ पायाखाली तुडविता येते.

राज्यसत्ता हा एक व्यवहार आहे, ही गोष्ट वऱ्हाडइतकी उघड क्वचितच कोठे दिसली असेल. १८५३ च्या तहाने निजामाने हा प्रांत कंपनीच्या फौजेच्या खर्चापोटी लावून दिला आणि १९०२ च्या कराराने तो सालीना २५ लाख रुपयांच्या खंडावर इंग्रज सरकारकडे कायमच्या पट्ट्याने गेला. मालकी हैदराबादची, वहिवाट इंग्रजांची, आणि कापूस पिकविणारी रयत कोणाची हे ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवावे, अशी ही व्यवस्था होती. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत. सरकारास त्यांचा निराळा जाहीरनामा काढावा लागे. म्हणजे ज्या भूमीवर उभे राहून राष्ट्रसभेने नातूंच्या बंदिवासाचा निषेध केला, ती भूमी कागदोपत्री निजामाची होती. अकोटच्या शेतकऱ्याने पट्ट्याचा तो कागद कधी पाहिला नसेल. परंतु शेत खंडाने द्यावे तसा आपण राहतो तो मुलूखच खंडाने दिला जातो आणि या देवघेवीत आपणांस कोणी विचारीत नाही, हे त्यास ठाऊक असणारच. अशा प्रांतात हक्क म्हणजे सरकारची सनद, ही व्याख्या कोणी मांडली, तर कोणत्या सरकारची, असा प्रश्न पहिल्या वाक्यालाच उभा राहतो.

घटना समितीत मध्यप्रांत-वऱ्हाडकडून गेलेल्या सभासदांत अमरावतीचे पंजाबराव देशमुख होते, अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी होते, आणि हरि विष्णु कामत हेही याच प्रांताच्या वाट्याचे होते. आणीबाणीत मूलभूत हक्कांची न्यायालयातील दाद तहकूब करण्याचा अधिकार राष्ट्रपतींस देणारे कलम १९४९ च्या ऑगस्टात संमत झाले, तेव्हा कामत इतके व्यथित झाले की सभागृहात त्यांनी तो दिवस लज्जेचा आणि दुःखाचा म्हणून सांगितला. तेच पुढे ३५९ वे कलम झाले. ज्या पिढीने स्वतः तुरुंग भोगला त्याच पिढीने विनाचौकशी स्थानबद्धतेची तरतूद संविधानात घातली, आणि संविधान अंमलात येऊन महिना होतो न होतो तोच १९५० चा प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदाही केला. १८९७ चा अमरावतीचा ठराव त्या वेळी कोणास आठवला असेल असे वाटत नाही. राज्य आपले झाले की त्याच्या हातातील काठीही आपलीच वाटू लागते, हा मनुष्यस्वभाव आहे. ती काठी उद्या कोणाच्या हाती जाईल याचा विचार करणारे कामतांसारखे थोडेच असतात.

पुढे आणीबाणी आली आणि २७ जून १९७५ रोजी राष्ट्रपतींच्या हुकुमाने चौदा, एकवीस आणि बावीस या कलमांची दाद बंद झाली. ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली डांबलेल्या माणसांचे अर्ज निरनिराळ्या उच्च न्यायालयांपुढे गेले आणि अनेक उच्च न्यायालयांनी, ज्यांत अमरावती-अकोल्याचे अर्ज ज्याच्यापुढे जातात ते मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते, असा निर्णय दिला की हुकूम कायद्याच्या चौकटीत आहे की नाही एवढे तरी पाहण्याचा न्यायालयाचा अधिकार नष्ट झालेला नाही. सरकारने या निर्णयांविरुद्ध अपील केले. सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद चालू असता न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी अॅटर्नी जनरल निरेन डे यांस विचारले की एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने निव्वळ वैयक्तिक वैरापोटी एखाद्याचा जीव घेतला, तर त्यावर काही उपाय आहे काय. आणि डे यांनी उत्तर दिले की, आपला युक्तिवाद सुसंगत ठेवावयाचा तर आणीबाणी आहे तोपर्यंत नाही. सरकारच्या मुखत्याराने इतके स्वच्छ बोलावे हे दुर्मीळ. एरवी अशा जागी शब्दांची धूळ उडविण्याची रीत आहे. सनदेच्या तत्त्वाचा शेवट कोठे होतो ते डे यांनी लपविले नाही. जीविताचा हक्क जर एकविसाव्या कलमातच राहत असेल, तर ते कलम तहकूब असताना जीवितही तहकूब आहे.

२८ एप्रिल १९७६ रोजी निकाल लागला. चौघा न्यायमूर्तींनी सरकारची बाजू मान्य केली. एकट्या खन्नांनी भिन्न मत लिहिले. त्या चौघांस भ्याड म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्यांचा मुद्दा प्रथम नीट समजून घेतला पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की लिखित संविधान एकदा स्वीकारल्यावर त्याच्या बाहेरचा कोणताही ‘नैसर्गिक’ हक्क न्यायाधीशाने स्वतःच्या मनातून आणू नये; आज तो दयेने आणील, उद्या दुसरा कोणी दुराग्रहाने आणील. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. त्यांची चूक आहे ती एक पायरी अलीकडे: संविधान हे हक्कांचे उगमस्थान आहे असे ते धरून चालले, वस्तुतः ते राज्याच्या सत्तेचे उगमस्थान आहे. खन्नांनी हेच ओळखले. एकविसावे कलम नसते तरीही कायद्याच्या आधारावाचून कोणाचे जीवित वा स्वातंत्र्य हिरावून घेण्याचा अधिकार राज्यास नसता, असे त्यांनी लिहिले. म्हणजे मनुष्यास हक्क कोठून मिळाला हे विचारण्याऐवजी राज्यास डांबण्याचा अधिकार कोठून मिळाला हे त्यांनी विचारले. प्रश्नाची दिशा फिरविली की सनद दाखविण्याचे ओझे सरकारच्या डोक्यावर जाते. बहुमतवाल्यांपैकी न्यायमूर्ती बेग यांनी तर स्थानबद्धांची सरकार जवळजवळ मातेसारखी निगा राखीत आहे अशा आशयाचे लिहून ठेवले, त्यावर अधिक भाष्य नको. पुढच्या जानेवारीत खन्नांची ज्येष्ठता डावलून बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

या निकालाचे शल्य विदर्भास आणखी एका कारणाने जाणवले पाहिजे. महायुद्धाच्या काळात, भारत संरक्षण नियमांच्या १२९ व्या नियमाखाली झालेल्या अटकेविरुद्ध विमलाबाई देशपांडे यांनी केलेल्या अर्जावर नागपूरच्या उच्च न्यायालयाने असे ठरविले होते की पोलीस अधिकाऱ्यास संशय होता एवढे त्याने सांगून भागत नाही. तो संशय सयुक्तिक होता हे त्याने न्यायालयास पटविले पाहिजे. बादशाही सरकार प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १९४६ मध्ये तेथेही हरले. परक्या राजाच्या न्यायासनाने परक्या राजाच्याच फौजदारास जे विचारले, ते स्वराज्यातील सर्वोच्च न्यायासनाने तीस वर्षांनी विचारावयाचे नाकारले. पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने विसावे आणि एकविसावे कलम तहकुबीच्या पलीकडे नेले, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो जुना निकाल रद्दबातल केला. बहुमतातील एक न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांच्या मताविरुद्ध ते वाक्य लिहिण्याचे काम त्यांच्या पुत्राच्या वाट्यास आले.

येथे कोणी विचारील: हक्क जर राज्याच्या आधीचे असतील तर राज्य नव्हते तेथे, किंवा राज्य लक्ष घालीत नव्हते तेथे, ते कोठे दडून बसले होते? हा आक्षेप पुस्तकी नाही, आणि त्याचे उत्तर देण्यास अमरावतीच्या अंबादेवीपर्यंत गेले पाहिजे. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस वऱ्हाड प्रांतातील अस्पृश्यांची परिषद भरली आणि तिच्यापुढील मुख्य प्रश्न अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा होता. दार अडविणारा येथे सरकारी शिपाई नव्हता. अडविणारे शेजारी होते, आणि त्यांच्यापैकी कित्येक स्वराज्यवादी होते. सर्व भूतांच्या ठायी एकच आत्मा आहे हे तत्त्व त्यांस अमान्य नव्हते. उलट त्यावर ते तासभर प्रवचन करू शकले असते. आत्म्याची एकता आणि गाभाऱ्याचा उंबरठा यांच्यामधल्या अंतरात माणसांच्या पिढ्या गेल्या. पंजाबराव देशमुखांसारखा मनुष्य, ज्याने ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर प्रबंध लिहिला, तो परतून आल्यावर तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानांत रमला नाही. त्याने जिल्हा कौन्सिलचे अध्यक्षपद घेतले आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांस खुल्या करविल्या. तत्त्व त्यास वेदांत सापडले असेल, पण पोहऱ्याचा दोर हाती यावयास कौन्सिलची सत्ता लागली.

अमरावती जिल्ह्यातच रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात तेथे वावरलेल्या गोविंदप्रभूंच्या लीळा म्हाइंभटांनी नोंदविल्या, त्यांत पाण्यावाचून हैराण झालेल्या मातंगांनी विनविल्यावरून प्रभूंनी त्यांस विहिरीची जागा दाखविल्याची हकिगत येते. महानुभावांस ती ईश्वराची लीळा वाटते आणि ते स्वाभाविक आहे. माझे लक्ष मात्र तिच्या एका बाजूकडे जाते: प्रभूंनी मातंगांना गावच्या विहिरीवर नेले नाही, निराळी विहीर दिली. करुणा तेवढे करू शकते. गावची विहीर तुमचीही आहे असे म्हणण्यास करुणेपलीकडचे काही लागते, आणि ते येण्यास रिद्धपुरापासून कौन्सिलच्या कचेरीपर्यंत साडेसहाशे वर्षे लागली. तेव्हा हक्क राज्यापूर्वीचा आहे हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की त्याला देह मिळतो तो राज्याच्या हातून. आणि ज्या राज्याने शेजाऱ्यापासून दुर्बळाचे रक्षण करावयाचे तेच राज्य दुर्बळास विनाचौकशी उचलू शकते, ही या प्रश्नातील खरी अडचण आहे. राज्य नको म्हणून ती सुटत नाही, आणि राज्य म्हणेल ते खरे असे मानूनही सुटत नाही.

या कसोटीवर आपल्या राज्य सरकारचे अलीकडचे वर्तन लावून पाहावयाचे तर २०२५ साल पुरेसे आहे. जूनमध्ये मंत्रिमंडळाने आणीबाणीतील बंदीजनांचे मानधन दुप्पट केले: महिन्याहून अधिक काळ तुरुंगात राहिलेल्यास दरमहा २० हजार रुपये, कमी राहिलेल्यास १० हजार. हे मानधन २०१८ मध्ये सुरू झाले, २०२० मध्ये दुसऱ्या सरकारने बंद केले, २०२२ मध्ये तिसऱ्याने पुन्हा चालू केले. इतक्या फेऱ्यांत स्मृतीचे काही राहिले की नाही हा प्रश्नच आहे. आणि जुलैच्या १० तारखेस त्याच सरकारने विधानसभेत विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर करून घेतले, दुसऱ्या दिवशी विधानपरिषदेत. या विधेयकाने एखादी संघटना बेकायदा ठरविण्याचा अधिकार सरकारकडे येतो. गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र. कैद सात वर्षांपर्यंत. बारा हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या, संयुक्त समितीने मसुद्याची धार काहीशी बोथट केली, सल्लागार मंडळाची तरतूद आहे, हे नमूद केले पाहिजे. नक्षलवाद्यांच्या हिंसेने गडचिरोलीत जी माणसे मेली त्यांचाही जीविताचा हक्क होता, हेही विसरता येत नाही. तथापि ज्यांनी ‘मिसा’ भोगला त्यांचा सत्कार करणारे हात आणि हा मसुदा लिहिणारे हात एकाच मंत्रालयातील असावेत, याचे वैषम्य वाटते. ‘मिसा’ वाईट होता तो ज्यांस डांबले ते सज्जन होते म्हणून की डांबण्याची रीत वाईट होती म्हणून? मानधनाच्या निर्णयात पहिले उत्तर आहे. १८९७ च्या ठरावात दुसरे होते.

वऱ्हाडातलीच दोन प्रकरणे त्या वर्षी दिल्लीपर्यंत गेली, त्यांत या प्रश्नाचे स्वरूप अधिक जवळून दिसते. अकोला जिल्ह्यात पातूर नावाचे गाव आहे. तेथील नगरपरिषदेच्या इमारतीवरील फलकावर मराठीखाली उर्दूत नाव लिहिलेले आहे. १९५६ पासून परिषदेच्या व्यवहारात उर्दू आहे, कारण गावात ती वाचणारे लोक आहेत. एका माजी नगरसेविकेने हरकत घेतली; परिषदेने ठराव करून ती फेटाळली; अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी हरकत मान्य केली; अमरावतीच्या विभागीय आयुक्तांनी जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम रद्द केला; नागपूर खंडपीठाने आयुक्तांचा निर्णय उचलून धरला आणि १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, भाषा म्हणजे धर्म नव्हे असे समजावून सांगत, फलकास हात लावू दिला नाही. फलकावरच्या एका ओळीसाठी एवढी पायपीट व्हावी याचे हसू येते. पण सरकारी यंत्रणेच्या एका पायरीने केलेली चूक दुसऱ्या पायरीने, तीही वऱ्हाडातच बसून, दुरुस्त केली, ही गोष्ट सरकारच्या जमेच्या बाजूस मांडावी लागेल. ज्या मुलखात कौल, जप्ती, जाहीरनामा या अरबी-फारसी वळणाच्या शब्दांवाचून कागद पुरा होत नसे, तेथे उर्दूच्या एका ओळीने कोणाचे स्वत्व बुडते हे मला तरी उमगलेले नाही.

दुसरे प्रकरण हसण्याचे नाही. १३ मे २०२३ च्या रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल झाली, एक मनुष्य मारला गेला, आणि त्याच रात्री एका सतरा वर्षांच्या मुलावर जीवघेणा हल्ला झाला. त्या मुलाचे म्हणणे असे की झालेला खूनही त्याने पाहिला. रुग्णालयात तो पडला होता हे पोलिसांस ठाऊक होते. तरी त्याच्या हल्ल्याची फिर्याद नोंदविली गेली नाही, बापाने वरिष्ठांस अर्ज केला तरी नाही. खंडपीठानेही त्याची दाद नाकारली. अखेर ११ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांस कठोर शब्द सुनावले, गणवेश अंगावर चढविला की आपला धर्म आणि आपली जात बाहेर ठेवावी लागते असे बजावले, आणि विशेष तपास पथक नेमण्याचा हुकूम केला, ज्यात हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही समाजांचे वरिष्ठ अधिकारी असावेत.

या शेवटच्या अटीवर राज्य सरकारने पुनर्विचाराचा अर्ज केला. अधिकाऱ्याचा धर्म पाहून त्यास तपास देणे हे संविधानाच्या निधर्मी स्वरूपास बाधक आहे, असे सरकारचे म्हणणे. आणि नोव्हेंबरात त्या अर्जावर दोघा न्यायमूर्तींचीच मते भिन्न झाली. तत्त्व म्हणून सरकारचे म्हणणे मला मान्य आहे: शिपाई हिंदू की मुसलमान हे फिर्यादीस विचारावे लागणे ही राज्याची नामुष्कीच आहे. परंतु ज्या राज्याचा युक्तिवाद असा की आमच्या गणवेशास धर्म नाही, त्याने तो न्यायालयात मांडण्यापूर्वी ठाण्यात सिद्ध करावयाचा असतो, आणि त्यास साधन एवढेच होते की इस्पितळातील त्या मुलाची जबानी घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या नोंदवहीत तिचा क्रमांक घालावा.